पप्पांना अग्नी हवाय, मम्मीला माती

पत्र थोडक्यात: ऐरोलीत राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. वय पंचेचाळीसच्या आसपास, माहेर ठाण्याच्या एका जुन्या गावठाणातलं, ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबई-ठाण्याकडचा मूळचा ख्रिस्ती समाज) कॅथलिक घर. वडील ऐंशीला टेकलेत, हार्टचा त्रास, हल्लीच हॉस्पिटलमधून घरी आलेत आणि आल्या आल्या रात्रीच्या जेवणाला सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मला पुरू नका, जवाहर बागेच्या स्मशानभूमीत न्या, आणि राख विटाव्याच्या बाजूला खाडीत सोडा, मी गळ टाकून बसायचो तिथे. मम्मी त्या दिवसापासून धड जेवत नाहीये. तिचं म्हणणं, सिमेंटरीत आपल्या घराची ग्रेव्ह आहे, सासूसासरे तिथे आहेत, मी पण तिथेच जाणार, मग हे एकटे कुठे निघाले? दुबईला असलेला भाऊ म्हणतो आपल्यात हे चालतच नाही, फादर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) पण करणार नाहीत, लोक तोंडात शेण घालतील, आणि आपण काय हिंदू झालो का. पप्पांनी ताईंचा हात धरून विचारलंय, "तू करशील ना?" ताईंनी उत्तर दिलेलं नाही. त्या विचारतात, बापाचा शब्द ठेवू की आईचं मन? आणि दहन केलं तर ते पाप आहे का?

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तो सोपा आहे. नाही, पाप नाही. तुमचा भाऊ जे बोलतोय ते त्याने कुणा मोठ्या माणसाकडून ऐकलेलं असणार आणि एकेकाळी ते खरंही होतं. १८८६ मध्ये रोमने कॅथलिकांना दहनाची बंदी केली होती, कारण तेव्हा युरोपात दहनाचा जोरात प्रचार करणाऱ्यांत पुनरुत्थानाची टिंगल करणारे बरेच होते, म्हणजे बघा आम्ही जळून राख झालो, आता उठवा म्हणावं तुमच्या देवाला, असल्या भाषेत. ती बंदी १९६३ मध्ये उठली. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात तर सरळ लिहिलंय की दफनाची चांगली रीत पाळावी अशी चर्चची मनापासून शिफारस आहे पण दहनाला मनाई नाही, फक्त ते ख्रिस्ती श्रद्धा नाकारायची म्हणून निवडलेलं नसावं. बंदी उठून साठ वर्षं होऊन गेली. आपल्या घराघरात ही बातमी पोचलीच नाही, का ते मला माहीत आहे, आपण मरणावर बोलतच नाही, बोलायला लागलं की कोणीतरी म्हणतं शुभ बोल रे. कोविडमध्ये मात्र कित्येक कॅथलिक घरांनी दहन केलं, आणि त्यांच्यासाठी मिस्सा झाल्याच की.

आता जे चालत नाही ते पण सांगते, कारण तुमच्या पप्पांनी एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मागितल्यात. दहन एक, खाडी दुसरी. २०१६ मध्ये रोमने याबद्दल एक सविस्तर सूचनापत्र काढलं. त्यात म्हटलंय की रक्षा पवित्र जागी ठेवावी, म्हणजे सिमेंटरीत किंवा चर्चमध्ये किंवा त्यासाठी ठरवलेल्या जागेत, घरी शोकेसमध्ये ठेवू नये, भावंडांनी वाटून घेऊ नये, आणि हवेत जमिनीवर पाण्यात कुठेच विखरू नये. २०२३ च्या डिसेंबरमध्ये थोडी ढील दिली, की अनेकांची रक्षा एकत्र ठेवायची जागा करता येईल पण प्रत्येकाचं नाव तिथे नोंदलेलं हवं, आणि घरच्यांनी विनंती केली तर अगदी थोडी रक्षा त्या माणसाच्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या जागी जपून ठेवायला चर्चचे अधिकारी परवानगीचा विचार करू शकतात. जपून ठेवायला, सोडायला नाही. तेव्हा खाडी नाही म्हणजे नाहीच.

मला विचाराल तर नियम सोडून नुसतं बाई म्हणून सुद्धा मला हे पटतं. खाडीत सोडलं की भरती येते ओहोटी जाते, आणि पुढच्या वर्षी मम्मीने जायचं कुठे? विटाव्याच्या पुलावर उभं राहून?

भावाच्या भीतीचं काय. फादर मिस्सा करतील. श्रद्धा नाकारायची म्हणून कोणी जाणूनबुजून दहन किंवा राख विखरणं मागितलं आणि शेवटपर्यंत तसंच म्हणत राहिला तरच चर्च अंत्यविधी नाकारू शकतं, आणि तुमच्या पत्रातले पप्पा दर रविवारी सकाळच्या मिस्साला जातात आणि मागच्या बाकावर बसून सर्मनवर शेरे मारतात, त्यांना कोण नास्तिक म्हणणार! हिंदू झालो का हा प्रश्न तर मला जरा टोचलाच. तुम्हीच लिहिलंय की पप्पांनी शेजारच्या कितीतरी जणांना खांदा दिलाय, जवाहर बागेत जाऊन उभे राहिलेत. आयुष्यभर ज्या शेजाऱ्यांबरोबर गणपतीचे मोदक आणि क्रिसमसचा कुसवार, म्हणजे फराळ, वाटून खाल्ला त्यांची रीत बघून एखाद्याला वाटलं की हे साधं आहे, बरं आहे, तर त्यात धर्म कुठे बुडाला? क्रूस त्यांच्या कपाळावर बाप्तिस्म्यालाच काढलाय, तो जळत नाही.

आणि लोक. आपल्या बायबलमध्ये तोबित आहे ना, तो सणाचं जेवण ताटात टाकून उठतो, बाजारात मरून पडलेल्या आपल्या माणसाचं शरीर उचलून आणतो, सूर्य मावळला की पुरतो, आणि शेजारी त्याला हसतात. मेलेल्याला नीट निरोप देणं हे सात दयाकृत्यांपैकी एक धरलंय आपल्यात, आणि त्यात पहिल्यापासून लोक हसलेलेच आहेत. गावठाणात चार दिवस बोलतील. पाचव्या दिवशी कोणाच्या तरी रीडेव्हलपमेंटवर बोलतील.

एवढं झालं नियमांचं. पण ताई, मला वाटतं तुमचं भांडण अग्नी आणि मातीचं नाहीचये. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे जी तुम्ही कंसात लिहिलीये, जणू त्याचा काही संबंध नाही. आजी गेली तेव्हा ग्रेव्ह उघडली, पप्पा तिथेच उभे होते, आणि घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मी ती ओळ परत परत वाचली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे मुंबई-ठाण्याच्या बहुतेक सिमेंटऱ्यांत जागा इतकी कमी आहे की साधी ग्रेव्ह काही काळाने उघडून पुढच्या माणसाला देतात, आधीच्या अस्थी काढून भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे कोनाड्यात, नाहीतर वेगळ्या जागी ठेवतात. घराची स्वतःची ग्रेव्ह असली तरी घरात दुसरं कोणी गेलं की तीच उघडतात. काम करणारी माणसं आपलं काम करत असतात, त्यांच्यासाठी ते रोजचंच, पण जो मुलगा बाजूला उभा आहे त्याच्या समोर त्याचा बाप वर येतो. तुमच्या आजोबांचं काय दिसलं असेल तेव्हा, हे पप्पांनी कधी कोणाला सांगितलंय का? माझा अंदाज चुकीचा पण असेल. कदाचित त्यांना फक्त खर्च वाचवायचा असेल, हॉस्पिटलचं बिल बघून आलेत, पेटी, बँड, सगळ्याचा हिशोब मनात करत असतील. कदाचित सिमेंटरीच्या कमिटीतल्या कोणाशी जुना वाद असेल, ईस्ट इंडियन माणूस आणि वाद नाही असं कसं होईल. किंवा खाडी म्हणजे त्यांना ती सकाळची गळ टाकून बसायची शांतता हवी असेल, मरणानंतर नाही, आत्ताच. प्रत्येक कारणाचं उत्तर वेगळं आहे, आणि तुम्ही सगळे कारण न विचारता मागणीवर भांडताय.

म्हणून पहिलं काम, विचारा. जेवणाच्या टेबलावर नको, मम्मीसमोर नको, भावाला स्पीकरवर ठेवून तर अजिबात नको. तुम्ही ट्रान्सहार्बर लोकल पकडून ठाण्याला जाताच ना दर आठवड्याला, एखाद्या दिवशी मम्मी सोडॅलिटीच्या (चर्चच्या भक्तिमंडळाच्या) मीटिंगला गेली असेल तेव्हा जा, चहा करा, आणि विचारा, "पप्पा, आजीला पुरलं त्या दिवशी काय झालं होतं?" दहनाचा विषयच काढू नका. ते बोलले तर मध्ये थांबवू नका, धर्माचं सांगायला जाऊ नका, रडले तर रडू द्या. नाही बोलले तर पुढच्या वेळी परत.

अस्थी हलवण्याची भीती असेल तर एक गोष्ट त्यांना सांगता येईल, ठाण्याचीच आहे म्हणून त्यांना आवडेल. १३२१ मध्ये आपल्या ठाण्यात टॉलेंटिनोचा थॉमस हा धर्मप्रचारक आणि त्याचे तीन साथीदार श्रद्धेसाठी मारले गेले. जॉर्डन नावाच्या, डॉमिनिकन संघाच्या फादरने त्यांची शरीरं सोपाऱ्याला नेऊन पुरली. काही वर्षांनी ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन संघाचा संन्यासी आला, त्याने त्या अस्थी उकरून काढल्या आणि समुद्रमार्गे बरोबर घेऊन थेट चीनला गेला, तिथल्या आपल्या लोकांकडे ठेवायला. सातशे वर्षांपूर्वी, ठाणे ते चीन. म्हणजे अस्थी हलवणं हे आपल्यात अपमानाचं कधीच नव्हतं, कोणत्या हातांनी हलवल्या त्यावर आहे. पण हे सांगून पप्पांची भीती जाईलच असं मला वाटत नाही, डोळ्यांनी बघितलेलं गोष्टीने पुसलं जात नाही, आणि नाही गेली तर नाही गेली. त्यांना दहन हवं असेल तर तो त्यांचा हक्क आहे, चर्चने दिलेला.

आता मम्मी. तिला तुम्ही सगळे जुन्या विचारांची म्हणून सोडून देताय असं पत्रातून वाटलं, आणि ते मला खटकलं. ती काय मागतेय? एकतर तिला नवऱ्याच्या बाजूला जायचंय. पन्नासच्या वर वर्षं एका घरात काढली, शेवटी एका दगडावर दोघांची नावं असावीत एवढीच तिची इच्छा. आणि दुसरं, ते आधी गेले तर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, मेणबत्ती आणि झेंडूची फुलं घेऊन कुठे जायचं हे तिला कळायला हवंय. सगळं गावठाण त्या दिवशी सिमेंटरीत असतं, फादर ग्रेव्हवरून पाणी शिंपडत जातात, तिथे ती एकटीच रिकाम्या हाताने उभी राहणार का?

आणि इथेच गंमत आहे, की या दोन्ही मागण्या दहनाच्या आड येतच नाहीत. दहन झाल्यावर रक्षेचा कलश तुमच्या त्याच घरच्या ग्रेव्हमध्ये पुरता येतो. नाव दगडावर येतं, तारीख येते, मम्मीची वेळ येईल तेव्हा ती त्याच ग्रेव्हमध्ये त्यांच्याजवळ जाते, तिला दफन हवं तर दफन. पप्पांना जे बघायचं नव्हतं ते कोणाला बघावं लागत नाही कारण राखेचं काही वर येत नाही. पप्पांचा अग्नी राहतो, मम्मीची माती राहते. राहता राहिली खाडी, तिचं पुढे बोलते.

मम्मीला अजून एक सांगून बघा. संत मोनिका, संत ऑगस्टीनची आई, तिला नवऱ्याच्या शेजारी पुरलं जावं याची फार ओढ होती, आफ्रिकेत आपल्या गावी जागा पण करून ठेवली होती. आणि ३८७ मध्ये परदेशात, रोमजवळ ऑस्तियाला, ती आजारी पडली. तिच्या दोन मुलांतला एक म्हणाला निदान घरी जाऊन मरण यावं तुला, तर ती म्हणाली हे शरीर कुठेही ठेवा, त्याची चिंता करू नका, फक्त वेदीपाशी माझी आठवण ठेवा. स्वतः ऑगस्टीनने हे लिहून ठेवलंय. मम्मीवर दबाव टाकायला नका सांगू हे, की बघ संत मोनिकाने सोडलं तू पण सोड, तसं केलंत तर ती तुमच्याशीच बोलायची बंद होईल. पण तिच्यासारखीच ओढ एका संतिणीला होती एवढं कळलं तरी तिला बरं वाटेल.

पप्पांनी मागितलेला शब्द. तुम्ही उत्तर दिलं नाहीत ते चांगलंच केलंत. आपल्याकडे आजारी माणसाला सगळे हो म्हणतात, हो पप्पा, तुम्ही म्हणाल तसं, आणि मग नंतर आपल्याला हवं तेच करतात आणि आयुष्यभर मनात ठेवतात. तुम्ही तसं करू नका. दहनाला हो म्हणा, मोकळ्या मनाने, आणि खाडीला तोंडावर नाही म्हणा, की पप्पा ते माझ्याच्याने होणार नाही, मम्मीला जागा लागेल, पण सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर आम्ही सगळे विटाव्याला जाऊ, फुलं सोडू, तुमच्या नावाने एक रोझरी म्हणू. हे चर्चमध्ये पण बसतं आणि मनात पण. ते चिडतील. ऐंशीचा माणूस चिडला तरी बीपी बघून चिडतो असं माझा अनुभव सांगतो. आणि तरीही ते खाडीवरच अडून बसले तर? तर हा तिढा तुम्ही सोडवायचा नाही, फादरना घरी बोलवा, ते आणि पप्पा बोलतील. लपूनछपून थोडी राख पाण्यात सोडून येऊ असा विचार मात्र मनात आणू नका, दोन्ही बाजूंना खोटं बोलल्यासारखं होईल ते आणि मम्मीला कळतंच कधी ना कधी.

आता करायच्या गोष्टी, ज्यांच्या घरी असाच विषय आहे त्यांना पण उपयोगी पडतील.

पॅरिश प्रीस्टना, म्हणजे आपल्या चर्चच्या मुख्य फादरना, आत्ताच भेटा, माणूस चालता-बोलता असताना. सिमेंटरीच्या कमिटीला दोन प्रश्न विचारून ठेवा, आमच्या ग्रेव्हमध्ये कलश पुरायला काय लागतं आणि ग्रेव्ह कोणाच्या नावावर आहे, कारण बऱ्याच घरांत ती अजून आजोबांच्या नावावर असते आणि ऐनवेळी चुलतभाऊ उगवतात. ज्यांची घरची ग्रेव्ह नाही, वाशी-नेरूळला फ्लॅटमध्ये आलेली गोव्याची, मंगळूरची, केरळची कितीतरी घरं तशीच आहेत, त्यांनी निशबद्दल विचारावं, मिळतात का, किती वर्षांसाठी. वसईकडे काही ठिकाणी पेटी न वापरता नुसत्या कापडात गुंडाळून पुरतात, माती लवकर आपलं काम करते, पप्पांचं कारण खर्च किंवा साधेपणा असेल तर हा पण मार्ग आहे, तुमच्या पॅरिशमध्ये चालतं का विचारा.

क्रम असा ठेवा, शरीर चर्चमध्ये, मिस्सा, मग जवाहर बाग, तिथे छोटी प्रार्थना, आणि रक्षा थंड झाल्यावर घरच्यांसोबत सिमेंटरीत. चर्चला हाच क्रम जास्त पसंत आहे, आधी दहन आणि मग मिस्सा यापेक्षा. डॉक्टरचं मृत्यूचं सर्टिफिकेट दोन्हीकडे लागतंच. दुबईहून भाऊ यायला वेळ लागणार, तेव्हा शवागाराची सोय कुठे होते तेही विचारून ठेवा, अभद्र वाटलं तरी.

लिहून ठेवा. साधा कागद, पप्पांच्या अक्षरात, खाली मम्मीची पण सही घ्या. मृत्युपत्रात लिहू नका, ते बहुतेक घरांत सगळं आटोपल्यावर उघडतात. एक कॉपी फादरकडे, एक तुमच्या कपाटात. हा कागद वकिलाला दाखवायला नाहीये, त्या दिवशी घरात वीस माणसं वीस सल्ले देत असतील तेव्हा हातात असावा म्हणून.

आणि आजाऱ्यांचा अभिषेक पप्पांना मिळालाय का? पत्रात काही नाही. मम्मीच्या पिढीत त्याला शेवटचा अभिषेक म्हणायचे म्हणून लोक फादरना बोलवायला घाबरतात, पेशंटला वाटेल आता संपलं. तो मरणाऱ्यापुरता नाही, गंभीर आजारी किंवा वयाने थकलेल्या कोणालाही मिळतो, तब्येत परत बिघडली तर परत मिळतो. फादर त्यासाठी घरी आले की बाकीचा विषय आपोआप निघतो, वेगळी मीटिंग लावायला नको.

भावाला हे उत्तर फॉरवर्ड करू नका. फोन करा, आणि नियमांपासून सुरू करू नका, आधी त्याला विचारा की पप्पा गेले तर तू वेळेवर पोचशील का याची तुला भीती वाटते का, कारण परदेशात राहणारी मुलं चालत नाही चालत नाही म्हणून ओरडतात ना, त्यात बरंचसं हेच असतं असं मी बघितलंय. ते बोलून झालं की मग १९६३ सांगा.